यामाहाच्या टू-स्ट्रोक डर्ट बाइक: कोणती गाडी कोणासाठी, आणि का

ज्यांच्या घरी जुनी चेतक होती, त्यांना पेट्रोल पंपावरचा एक विधी नक्की आठवत असेल. पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घ्यायचे, लिटरमागे साधारण वीस मिली या हिशेबाने ते टाकीत ओतायचे आणि नीट मिसळावे म्हणून स्कूटर दोन-तीनदा डावी-उजवीकडे हलवायची. राजदूत, येझदी आणि आरएक्स १०० याही त्याच जातीच्या गाड्या होत्या. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा त्या आपल्या रस्त्यांवरून हटल्या आणि टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे गतकाळातील वस्तू, असा बहुतेकांचा समज झाला. प्रत्यक्षात मातीच्या शर्यतींसाठी ही इंजिने आजही नव्याने तयार होतात, आणि चिमुरड्यांच्या ५० सीसीपासून प्रौढांच्या २५० सीसीपर्यंत संपूर्ण मालिका विकणाऱ्या मोजक्या कंपन्यांत यामाहाचे नाव ठळक आहे.

या मालिकेकडे पाहताना नवखा माणूस हमखास एक चूक करतो. गाडीच्या अंगावर लिहिलेला सीसीचा आकडा तो शाळेतल्या इयत्तेसारखा वाचतो: ६५ नंतर ८५, मग १२५, आणि हात बसला की २५०. लहान मुलांपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. १२५ आणि २५० यांच्याबाबतीत मात्र ते इतके फसवे आहे, की त्या समजुतीवर गाडी घेणाऱ्याचा पहिल्याच महिन्यात हिरमोड होऊ शकतो. असे का होते हे कळण्यासाठी आधी इंजिनाच्या आत डोकवावे लागते.

आज आपण चालवतो त्या फोर-स्ट्रोक गाडीत एका स्फोटासाठी क्रँकशाफ्टचे (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे लागतात, कारण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, पेटवणे आणि जळलेला वायू बाहेर टाकणे या चार कामांसाठी पिस्टनला चार खेपा कराव्या लागतात. टू-स्ट्रोकमध्ये हेच काम दोन खेपांत आटोपते. पिस्टन वर जाताना वरच्या बाजूस मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खाली, क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टच्या बंद कोठडीत, नवे मिश्रण ओढले जाते. स्फोट होऊन पिस्टन खाली येऊ लागला की सिलिंडरच्या भिंतीतील एक खिडकी आधी उघडते आणि जळलेला वायू सायलेन्सरकडे सुटतो. पिस्टन आणखी खाली सरकला की दुसऱ्या खिडक्या उघडतात आणि क्रँककेसमधील ताजे मिश्रण वर उसळते. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. पिस्टनच स्वतःच्या भिंतीने खिडक्या झाकतो आणि उघडतो. दर फेऱ्याला एक स्फोट होत असल्यामुळे लहान आणि हलक्या इंजिनातून बरीच ताकद निघते. क्रँककेस मिश्रणाच्या वाटेवर असल्यामुळे तेथे वेगळे ऑइल साठवून ठेवता येत नाही, म्हणून बेअरिंगना लागणारे तेल पेट्रोलबरोबरच धाडावे लागते. पंपावरच्या त्या विधीचे कारण हेच होते.

या सुटसुटीत रचनेत एक खोट आहे. दोन्ही बाजूंच्या खिडक्या काही क्षण एकाच वेळी उघड्या राहतात, त्यामुळे ताजे मिश्रण न जळताच बाहेर पळू पाहते. ते अडवण्याचे काम करतो गाडीच्या पोटाशी दिसणारा तो फुगीर, मध्येच ढेरी सुटल्यासारखा वाटणारा पाइप. त्याला एक्सपान्शन चेंबर म्हणतात. स्फोटानंतर निघालेली दाबाची लाट या पाइपच्या निमुळत्या टोकावर आपटून माघारी येते आणि निसटू पाहणारे मिश्रण खिडकी बंद होण्याआधी परत सिलिंडरमध्ये ढकलते. ही युक्ती शर्यतीच्या इंजिनासाठी घोटून परिपूर्ण करणारा अभियंता होता पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचा वॉल्टर काडेन. त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे निसटला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याने सुझुकीला ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवून दिले. जपानी टू-स्ट्रोकच्या भरभराटीमागे त्याने सोबत नेलेल्या ज्ञानाचा वाटा मोठा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. लाट परत यायला लागणारा वेळ पाइपच्या लांबीवर आणि आकारावर ठरतो, पण खिडकी किती लवकर बंद होणार हे इंजिनाच्या वेगावर ठरते. त्यामुळे दोन्ही गोष्टी अचूक जुळतात त्या फक्त एका ठरावीक वेगपट्ट्यात. त्या पट्ट्याच्या खाली इंजिन मरगळलेले वाटते आणि पट्ट्यात शिरले की एकदम उसळते. आरएक्स १०० चालवलेल्या माणसाला हे शब्दांत सांगायची गरज नाही. आवाज बदलतो, पुढचे चाक हलके होते आणि मागे बसलेला मित्र खांदा घट्ट धरतो. या पट्ट्याला पॉवर बँड म्हणतात. तो रुंद करण्यासाठी यामाहाने बाहेर जाणाऱ्या खिडकीवर एक हलता पडदा बसवला, तोच वायपीव्हीएस. कमी वेगाला तो खिडकीची उंची कमी करतो आणि वेग वाढला की ती पूर्ण उघडून देतो. तरीही पट्टा पूर्णपणे नाहीसा होत नाही, आणि प्रत्येक गाडीत तो कोठे सुरू होतो व किती रुंद आहे यावरच ती गाडी कोणासाठी आहे हे ठरते.

सर्वांत धाकटी पीडब्ल्यू ५० ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळपास त्याच रूपात विकली जात आहे. तिला गिअर नाहीत, क्लच नाही. साखळीऐवजी शाफ्ट असल्यामुळे बोट अडकण्याची भीती नाही. चाके दहा इंची असून सीट जमिनीपासून अर्ध्या मीटरहूनही खाली असल्यामुळे चार-पाच वर्षांच्या मुलाचे दोन्ही पाय पूर्ण टेकतात. तेलाची टाकी वेगळी असून मिश्रण आपोआप होते. मला या गाडीतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते तो थ्रॉटलच्या मुठीजवळचा साधा स्क्रू. तो आत फिरवला की मूठ थोडीशीच वळते. मुलाने घाबरून मूठ कितीही पिळली, तरी गाडी आईबापाने ठरवलेल्या वेगाच्या पुढे जात नाही. सराव होईल तसा स्क्रू एकेक फेरा बाहेर काढत जायचा. पॉवर बँड नावाचा प्रकार येथे जाणवतही नाही, आणि तेच योग्य आहे.

पुढची वायझेड ६५ पाहिली की मात्र धक्का बसतो, कारण ती लहान मुलांची असली तरी खेळण्यातली नाही. २०१८ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीला हाताने दाबायचा क्लच, सहा गिअर, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि मोठ्या भावंडांसारखाच वायपीव्हीएस आहे. सीट साडेपंचाहत्तर सेंटिमीटरांवर गेलेली असते. पीडब्ल्यू ५० वरून उतरलेल्या सहा वर्षांच्या मुलाला थेट या गाडीवर बसवणे मला अन्यायाचे वाटते. एकाच वेळी क्लच, गिअर आणि अचानक येणारा पिकअप ही तीन संकटे त्याच्यापुढे उभी राहतात. यामाहाच्या टू-स्ट्रोक मालिकेत येथे एक पायरी गाळलेली आहे. ती भरून काढायला कंपनीचीच टीटी-आर ११० ही फोर-स्ट्रोक गाडी उपयोगी पडते, कारण तिच्यात गिअर आहेत पण क्लचची दांडी नाही. वर्षभर त्या गाडीवर घालवलेले मूल ६५ वर लवकर स्थिरावते.

वायझेड ८५ ही दहा-बारा वर्षांच्या पुढील मुलांची शर्यतीची गाडी. ती दोन मापांत मिळते: एकीला पुढे सतरा आणि मागे चौदा इंची चाक, तर दुसरीला एकोणीस आणि सोळा इंची. इंजिन तेच असते. या वयात मुले एका उन्हाळ्यात इतकी उंच होतात, की मे महिन्यात बरोबर बसलेली गाडी दिवाळीपर्यंत गुडघ्यांना लागू लागते. म्हणून उंची झपाट्याने वाढत असेल तर मोठ्या चाकांची घ्यावी. मोठे चाक खड्ड्यांत कमी अडकते, हा त्यातला आणखी एक फायदा.

आता वायझेड १२५. या घराण्याचे मन समजून घ्यायचे तर येथे थोडे थांबले पाहिजे. १९७४ पासून चालत आलेली ही गाडी २०२२ मध्ये बऱ्याच अंशी नव्याने घडवली गेली. पेट्रोलसकट तिचे वजन सुमारे ९५ किलो भरते. आरएक्स १०० ने ९८ सीसीमधून ११ अश्वशक्ती काढली आणि आपण तिला डोक्यावर घेतले. ही गाडी १२५ सीसीमधून तिच्या तिप्पट, म्हणजे पस्तीसच्या आसपास अश्वशक्ती काढते. पण ही ताकद मिनिटाला साधारण आठ हजार फेऱ्यांच्या पुढेच हाती लागते. त्या खाली गाडी तुमचे ऐकत नाही.

समजा, तुम्ही मातीच्या एका वळणाला येत आहात. ब्रेक दाबला, गिअर उतरवला, गाडी वळवली आणि मूठ पिळली, पण गिअर एकने जास्त राहिला आहे. इंजिन गुरगुरते, गाडी जागच्या जागी रेंगाळते आणि पुढची उडी तोकडी पडण्याची वेळ येते. येथे अनुभवी स्वार एका बोटाने क्लच क्षणभर दाबून सोडतो, त्या झटक्यात इंजिन पुन्हा पट्ट्यात उडी घेते आणि गाडी सुसाट निघते. एका फेरीत हे पन्नास वेळा करावे लागते. म्हणजे १२५ ची गाडी ताकदीला कमी असल्यामुळे सोपी वाटते, पण वेगाने चालवायला ती सर्वांत जास्त अक्कल मागते; वळणातला वेग टिकवला नाही तर तो परत मिळवून देण्याची ताकद तिच्याकडे नाही. नेमक्या याच कारणासाठी युरोपातील मोटोक्रॉस (चढउतार आणि उड्यांच्या मातीच्या मैदानावरील शर्यत) मालिकेत किशोरांसाठी १२५ टू-स्ट्रोकचा स्वतंत्र गट आजही ठेवलेला आहे. जो या गाडीवर जलद होतो, तो कोणत्याही गाडीवर जलद होतो, असे जुने प्रशिक्षक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

वायझेड २५० चे वजन सुमारे १०३ किलो, म्हणजे जवळपास आपल्या आरएक्स १०० एवढेच. तिच्यातून पन्नासच्या आसपास अश्वशक्ती निघते. आरएक्स १०० च्या वजनात चौपटीहून अधिक ताकद, असे म्हटले की या गाडीची कल्पना येते. गंमत अशी, की हिच्यात खालच्या वेगालाही पुरेसा जोर असल्यामुळे चुकलेला गिअर चालून जातो आणि संथ गतीने फिरायचे असेल तर ती १२५ पेक्षा कमी दमवते. मात्र पट्ट्यात शिरल्यावर ती दयामाया दाखवत नाही. मूठ पिळण्यात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तरी मागचे चाक पुढच्याला ओलांडू पाहते. त्यामुळे ही गाडी मनगट थंड असलेल्या माणसाची आहे; तो अनुभवी असेलच असे नाही.

ही गाडी आज बाजारात आहे, हेच थोडे नवल आहे. १९९७ साली अमेरिकेतील नियमांनी २५० सीसी टू-स्ट्रोकच्या गटात ५५० सीसीपर्यंतच्या फोर-स्ट्रोकना मुभा दिली होती. त्याच वर्षी लास व्हेगासच्या सुपरक्रॉस (स्टेडियममध्ये माती टाकून भरवलेल्या) शर्यतीत स्वार डग हेन्रीने यामाहाची चाचणी अवस्थेतील ४०० सीसी फोर-स्ट्रोक गाडी जिंकून आणली आणि पाहता पाहता सारा खेळ फोर-स्ट्रोककडे वळला. होंडाने २००७ नंतर आपल्या सीआर टू-स्ट्रोक थांबवल्या, सुझुकी आणि कावासाकीनेही मोठ्या टू-स्ट्रोक बंद केल्या. ज्या यामाहाने हे परिवर्तन घडवले, तिनेच मात्र १२५ आणि २५० चालू ठेवल्या. ऑस्ट्रियाची केटीएमही टिकून राहिली आणि तिने टू-स्ट्रोकमध्ये फ्युएल इंजेक्शन आणून पुढचे पाऊल टाकले. यामाहाने अजून कार्ब्युरेटर आणि किक सोडलेली नाही. काहींना हा मागासपणा वाटतो. मला पाना-पक्कड घेऊन अंगणात बसणाऱ्या माणसाबद्दलचा तो आदर वाटतो, पण थंड सकाळी किक मारून मारून दमल्यावर माझे मत डळमळू शकते, हेही मान्य केले पाहिजे.

नावापुढे एक्स लावलेल्या वायझेड १२५ एक्स आणि २५० एक्स या शर्यतीच्या बंदिस्त मैदानापेक्षा जंगलवाटा, दगडगोटे आणि लांब पल्ल्यांसाठी आहेत. सस्पेन्शन मऊ, इंजिनाचा जोर खालच्या वेगाकडे सरकवलेला, आणि मागचे चाक एकोणीसऐवजी अठरा इंची, म्हणजे टायरची भिंत उंच आणि दगडावर आपटून पंक्चर होण्याचा धोका कमी. साइड स्टँडही मिळते. मोटोक्रॉसच्या गाडीला ते नसते आणि ती लाकडी ठोकळ्यावर उभी करावी लागते. तिशी-चाळिशीत पहिल्यांदा मातीत उतरणाऱ्या माणसाने माझा सल्ला विचारला, तर साध्या १२५ आणि २५० बाजूला ठेवून मी २५० एक्सकडे बोट दाखवीन. उंची मात्र विसरू नये. मोठ्या वायझेडची सीट सुमारे ९७ सेंटिमीटरांवर असते, आपल्या नेहमीच्या गाडीपेक्षा वीतभर उंच. सरासरी उंचीच्या माणसाचे दोन्ही तळवे टेकत नाहीत, एका पायाच्या चवड्यावर तोल सांभाळावा लागतो.

बसल्यावर स्प्रिंग किती दबते, ही तपासणीही तितकीच महत्त्वाची आहे. गाडी ठोकळ्यावर ठेवून मागच्या आसापासून मडगार्डवरील एका खुणेपर्यंत टेप धरायचा आणि माप टिपायचे. मग स्वाराने हेल्मेट, बूट, सगळे घालून गाडीवर बसायचे, दुसऱ्याने गाडी सरळ धरायची आणि तिसऱ्याने पुन्हा तेच अंतर मोजायचे. दोन मापांत दहा सेंटिमीटरांच्या जवळपास फरक आला पाहिजे. या गाड्यांच्या स्प्रिंगा सामान्यतः सत्तर-ऐंशी किलोच्या स्वाराला धरून दिलेल्या असतात; पंचावन्न किलोच्या मुलाखाली त्या दबतच नाहीत, गाडी उगाच उंच राहते आणि वळणात हट्टी वाटते. अशा वेळी मुलाची चूक काढण्याऐवजी स्प्रिंग बदलावी.

देखभालीत सर्वांत नाजूक काम म्हणजे मिश्रण. मोठ्या वायझेडसाठी यामाहा तीस भाग पेट्रोलला एक भाग तेल सांगते, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला १६७ मिली. चेतकच्या सवयीने अंदाजपंचे ओतणे येथे चालत नाही. खुणांचा मापक प्याला हवा, कॅन झाकण लावून चांगला हलवायला हवा आणि वर तारीख लिहिलेली बरी. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा धरते, म्हणून पावसाळ्यात महिनाभर पडून राहिलेले मिश्रण टाकीत ओतू नये. आणखी एक खबरदारी उतारावरची आहे. तेल पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे, लांब उतारावर मूठ बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडली तर इंजिन वेगाने फिरते पण तेल पोहोचत नाही. क्लच दाबून मधूनमधून थोडी रेस द्यावी, नाहीतर पिस्टन जॅम होण्याची वेळ येते.

पिस्टन आणि रिंगा येथे ब्रेक शूसारख्या, झिजल्या की बदलायच्या वस्तू आहेत. पण हे काम ऐकायला वाटते तितके भीतीदायक नाही. टाकी आणि पाइप काढला, वरचे हेड सोडले, सिलिंडर अलगद उचलला की पिस्टन समोर उघडा पडतो. सवयीचा माणूस एका संध्याकाळी हे आटोपतो. व्हॉल्व्ह आणि कॅम असलेल्या शर्यतीच्या फोर-स्ट्रोकचे इंजिन उघडायचे म्हणजे खर्चाचे आकडे वेगळेच असतात. कमी बजेटचे स्वार अजून टू-स्ट्रोकला धरून आहेत, त्याचे मोठे कारण हे आहे.

आपल्याकडे या गाड्यांना हेडलाइट नाही, आरटीओची नोंदणी नाही, त्यामुळे त्या रस्त्यावर आणणे बेकायदेशीर ठरते. पिकअप टेम्पोतून मैदानावर नेणे हाच मार्ग. सह्याद्रीच्या सड्यांवर आणि राखीव जंगलात त्या फिरवणे कायद्याला धरून नाहीच, शिवाय तेथील पातळ मातीचेही वाटोळे होते. पुणे आणि नाशिक येथे सुपरक्रॉसची जुनी परंपरा आहे आणि २०२४ मध्ये भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली फेरीही पुण्यात झाली, त्यात मुलांसाठी ८५ सीसीचा गट होता. चाकणला तयार होणाऱ्या केटीएमच्या ड्यूक फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचा केटीएमच्या टू-स्ट्रोकशी नावापुरताच संबंध. लहान मुलांसाठी टू-स्ट्रोक हवीच असेल तर कावासाकीने केएक्स ६५ आणि केएक्स ११२ येथे विक्रीस आणल्या; त्या वेळी किमती अनुक्रमे तीन आणि पाच लाखांच्या आसपास होत्या.

वायझेड बहुधा जुनी, कोणाच्या तरी शर्यतीतून निघालेली हाती लागते. ती पाहायला जाताना मालकाला आधी फोन करून इंजिन गरम करून ठेवू नका, असे सांगावे. थंड इंजिनाला हाताने किक दाबून पाहावी. ती मध्येच ठाम अडली पाहिजे, लोण्यासारखी खाली जाता कामा नये. शेवटचा पिस्टन बदलल्यापासून इंजिन किती तास चालले, हे विचारावे. उत्तर तासांत आले तर बोलणे पुढे न्यावे, आणि "गरजच पडली नाही" असे आले तर पिस्टन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच भाव सांगावा.